संगणकाने नाकारले, हे कारण नव्हे

इंदूरच्या रामबागेतून एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी देवी अहिल्या विश्वविद्यालयात राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून तिला राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची आहे. मात्र सरकारी कचेऱ्यांत आता कृत्रिम बुद्धिमत्ता येणार, अधिकाऱ्यांची गरजच उरणार नाही, असे वाटून वडिलांनी तिच्या नावाने सहा महिन्यांच्या एआय अभ्यासक्रमाचे ऐंशी हजार रुपये भरले. मुलगी रडते, वर्गाला जात नाही. तिला समजवावे, अशी त्यांची विनंती आहे.

मी तिला समजावणार नाही, आपल्याशीच बोलणार आहे. आपल्या पत्रात तिच्या गुणांविषयी दहा ओळी आहेत, शेजाऱ्यांच्या मुलाच्या पगाराविषयी चार आहेत आणि तिला प्रशासनात का जायचे आहे याविषयी एकही नाही. पैसे भरण्यापूर्वी आपण तिला विचारले होते, असेही कुठे दिसत नाही. आपली काळजी खरी आहे, यात मला शंका नाही. पण एकवीस वर्षांच्या मुलीचा निर्णय परस्पर घेऊन तिच्या रडण्याला हट्ट म्हणणे, हे मला तिच्या भवितव्यापेक्षा अधिक चिंताजनक वाटते.

आता आपल्या गैरसमजाविषयी. यंत्र आले की अधिकारी नको, हा प्रयोग अमेरिकेतील मिशिगन राज्याने करून पाहिला आहे. तेथे 2013 ते 2015 या काळात बेकारी भत्ता घेणाऱ्यांपैकी लबाड कोण, हे एक संगणकप्रणाली माणसाच्या तपासणीविना ठरवत होती. पुढे राज्यानेच अशा सुमारे 22 हजार प्रकरणांची फेरतपासणी केली, तेव्हा त्यांतील 93 टक्के लोकांनी फसवणूक केलीच नव्हती असे आढळले. तोपर्यंत अनेकांच्या पगारातून वसुलीही होऊन गेली होती. आपल्या देशात तेलंगणात 2016 पासून संगणकाच्या आधारे रद्द झालेल्या सुमारे 19 लाख शिधापत्रिकांची प्रत्यक्ष घरोघर पडताळणी करा, असे सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावे लागले. आपल्याच घरातले पाहा. लग्नात सुनेचे नाव बदलण्याची चाल आपल्यात आहे. समग्र आयडीवर, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाच्या नोंदीत, एक नाव आणि जुन्या गुणपत्रिकेवर दुसरे, अशा बाईला नावे जुळवणारी प्रणाली दोन व्यक्ती समजू शकते. ती एकच आहे हे ओळखून तिचा अर्ज पुढे नेणारे माणूस खिडकीपलीकडे लागतेच.

कायदाही माणसालाच धरतो. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील चौथ्या कलमानुसार, प्रशासकीय निर्णयाची कारणे ज्याच्यावर त्याचा परिणाम होतो त्याला सांगणे सरकारी कार्यालयावर बंधनकारक आहे, आणि मध्य प्रदेशाच्या 2010 च्या लोकसेवा हमी कायद्यात विलंबाचा दंड पदाभिहित, म्हणजे त्या सेवेसाठी नेमून दिलेल्या, अधिकाऱ्याला भरावा लागतो. म्हणून नगर निगम एखादी प्रणाली विकत घेते तेव्हा ती कोणत्या माहितीवर शिकली, त्या माहितीत कोणत्या वस्तीची नोंदच नाही, चुकीच्या निकालावर नागरिकाने अपील कोणाकडे करायचे आणि प्रणाली थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे निविदेतच लिहून घेणारा अधिकारी हवा असतो. राज्यशास्त्र मन लावून शिकलेली मुलगी हे काम करू शकते, आणि आज अशी माणसे फार थोडी आहेत.

परीक्षेची तयारी तिने सुरू ठेवावी. इंदूरच्या भंवरकुआं भागातील स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांबद्दल मी नवे काही सांगण्याची गरज नाही. त्याच्या जोडीला तिने संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख करून घ्यावी, सरकारी निविदा वाचायला शिकावे आणि सुट्टीत एखाद्या लोकसेवा केंद्रात बसून कोणते अर्ज कशामुळे परत जातात याची वही ठेवावी. एआयचा अभ्यासक्रम तिला नंतर हवासा वाटला, तर तो तिचा तिने निवडावा. भरलेले शुल्क परत मिळते का, ते या आठवड्यातच विचारा. मिळाले नाही, तर त्या पैशांचा उल्लेख तिच्यासमोर पुन्हा करू नका.

पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. त्यात गुण कळवण्याचे कारण नाही. कोणत्या खात्यात आणि कोणते काम करण्याची तिची इच्छा आहे, एवढे लिहिले तरी मला पुरेल.