‘माझंच शरीर बाळाच्या जिवावर उठलंय का?’

“ताई, माझंच शरीर माझ्या बाळाच्या जिवावर उठलंय का?” फाईल उघडता उघडता तिनं विचारलं. लागोपाठ तीन गर्भपात, तिन्ही दहाव्या आठवड्याच्या आत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रिपोर्टमधली एएनए (आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी) पॉझिटिव्हची ओळ तिनं लाल पेनानं गिरवून ठेवली होती. अँटिबॉडी आपल्याच पेशींवर हल्ला करतात, असं वाचलं होतं आणि त्यानंतर तिची झोपच उडाली होती.

गर्भपातानंतर असे रिपोर्ट हातात आलेल्या अनेकजणी हेच विचारतात. एएनए धडधाकट बायकांमध्येही सापडतं. तेवढ्यावरून गर्भपाताचं कारण ठरत नाही. तिच्या डॉक्टरांचं लक्ष होतं त्याखालच्या, न गिरवलेल्या ओळीकडे: अँटिकार्डिओलिपिन. ही, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या तीन अँटिबॉडींचा वारंवार होणाऱ्या गर्भपाताशी खरा संबंध आहे. त्या बाळावर चाल करून जात नाहीत. वार (प्लासेंटा) रुजत असताना वारेच्या पेशींच्या कामात अडथळा येतो, तिथे दाह होतो, कधी रक्ताच्या गुठळ्याही होतात. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा रडली.

पण एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणजे निदान झालं असं नाही. साध्या संसर्गानंतरही या अँटिबॉडी तात्पुरत्या वाढतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. हे १२ आठवडे फार कठीण जातात, आणि समुपदेशनाची खरी गरज तिथेच असते. ती स्वतःवरचे आरोप एकेक करून सांगत गेली: जिने चढले, ऑफिसात ताण घेतला, जड पिशवी उचलली. मी तिला ते सगळे कागदावर लिहायला लावले आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं. यातल्या एकाही गोष्टीनं या अँटिबॉडी तयार होत नाहीत, हे तिला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. नवराही सोबत गेला, ते फार बरं झालं. घरी उत्तरं देण्याचं ओझं एकट्या तिच्यावर राहिलं नाही.

दुसरा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचं निदान झालं आणि दिशा मिळाली: कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन, आणि दिवस राहिल्याचं कळताच रक्ताच्या गुठळ्या रोखणारी हेपॅरिनची इंजेक्शनं. इंजेक्शनचं औषध बाळापर्यंत जाईल या भीतीनं ती अडून बसली होती. हेपॅरिन वार ओलांडत नाही हे कळल्यावर तयार झाली. या उपचारांनी बहुतेकजणींचं गरोदरपण पार पडतं. सगळ्यांचं नाही, आणि तेही मी तिच्यापासून लपवलं नाही.

ज्यांना दिवसच राहत नाहीत, त्यांच्याबाबतीत मात्र हा संबंध सिद्ध झालेला नाही. तिथे या तपासण्या सरसकट करून नव्या भीतीला आमंत्रण देऊ नये, असं मला वाटतं. थायरॉइडविरुद्धच्या टीपीओ अँटिबॉडीच्या सरसकट तपासणीबद्दलही माझं हेच मत आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, थायरॉइडचं काम नीट असलेल्या पण टीपीओ पॉझिटिव्ह स्त्रियांना थायरॉइडच्या गोळ्या देऊनही जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण वाढलं नाही.

तुमच्या हातात असा रिपोर्ट असेल तर डॉक्टरांना विचारा: नेमकी कोणती अँटिबॉडी, पातळी किती, पुन्हा कधी तपासायचं? आणि हेपॅरिन सुरू असेल तर रक्त देण्याआधी तसं सांगा. त्यामुळे ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचा निकाल चुकू शकतो.