मुलगी अमेरिकन नागरिक, आई-वडील एच-वन-बीवर: एडिनबराच्या पदवीसाठी सरकारी कर्ज किती मिळेल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीचा जन्म न्यू जर्सीतला, म्हणून ती अमेरिकेची नागरिक आहे, आपण दोघे अजून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असून ग्रीन कार्डच्या रांगेत आहात, तिला एडिनबरा विद्यापीठात चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे, तर अमेरिकी सरकारचे विद्यार्थी कर्ज परदेशी विद्यापीठासाठी मिळते का, किती मिळते आणि उरलेल्या रकमेसाठी आपल्या नावावर कर्ज काढता येईल का. माझ्या मुलीने काही वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधूनच पदवी घेतली आणि तिच्या कर्जाचे सगळे कागद मी स्वतः हाताळले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कर्ज मिळते. अमेरिकी शिक्षण विभागाच्या डायरेक्ट लोन योजनेत अमेरिकेबाहेरची अनेक विद्यापीठे सामील आहेत आणि एडिनबरा त्यांपैकी एक आहे. सेंट अँड्र्यूज, मॅकगिल, टोरांटो, डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज हीही त्यात आहेत. मात्र यादी पाहताना एक गोष्ट नीट तपासावी. काही संस्थांपुढे ‘फक्त डिफरमेंट’ असा शेरा असतो. त्याचा अर्थ असा, की तिथे शिकत असताना जुन्या कर्जाचे हप्ते पुढे ढकलता येतात, पण नवे कर्ज मिळत नाही. भारतातल्या एखाद्या महाविद्यालयाचा विचार करणाऱ्या पालकांनी तर या यादीत नाव शोधल्याशिवाय पुढचा हिशेबच मांडू नये. शिवाय पेल ग्रँटसारखे (गरजू विद्यार्थ्यांना सरकार देते ते, परत न करायचे) अनुदान परदेशी विद्यापीठातल्या संपूर्ण पदवीसाठी मिळत नाही. तिथे मिळते ते फक्त कर्ज. अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश घेऊन एखादे सत्र परदेशात काढणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे अर्थसाहाय्य मूळ कॉलेजामार्फतच चालू राहते.

पात्रता ठरते ती मुलीच्या नागरिकत्वावरून, आपल्या व्हिसावरून नाही. फाफ्सा, म्हणजे सरकारी अर्थसाहाय्याचा अर्ज, तिच्या नावाने भरायचा असतो. ती चोवीस वर्षांखालील आणि अविवाहित असल्यामुळे सरकारच्या लेखी ती ‘आश्रित’ ठरते, म्हणून आपल्या उत्पन्नाची माहिती द्यावी लागते, परंतु आपण नागरिक असण्याची अट नाही. पालकांपैकी कोणी एच-फोरवर (एच-वन-बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असून सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल, तरीही फाफ्साचे खाते उघडता येते. (हे वाचणाऱ्यांपैकी कोणी मुलांना घेऊन पुण्याला किंवा नाशिकला परतले असतील, तर त्यांनाही हे लागू आहे. मूल अमेरिकेचे नागरिक असेल तर ते कुठे राहते याला महत्त्व नाही. पालकांचे रुपयांतले उत्पन्न डॉलरमध्ये बदलून लिहायचे, एवढेच.)

इथे आपल्याकडच्या नावांचा एक घोळ सांगतो, कारण आमचा जवळजवळ एक महिना त्यात गेला. मुलीच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर तिच्या पहिल्या नावाला जोडूनच माझे नाव छापले गेले होते आणि पासपोर्टवर मात्र ते मधले नाव म्हणून होते. फाफ्साच्या खात्यातले नाव सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी ताडून पाहिले जाते. आम्ही पासपोर्टप्रमाणे भरले आणि अर्ज अडकला. वडिलांचे नाव मधे घालण्याची आपली रीत अमेरिकी नोंदींत कुठे आणि कशी बसली आहे, हे अर्ज भरण्याआधीच कार्ड समोर ठेवून पाहून घ्या.

आता रकमेकडे येतो, कारण बहुतेक पालकांचा गैरसमज इथेच होतो. आश्रित विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि त्यानंतर दरवर्षी ७,५०० डॉलर मिळतात. म्हणजे चार वर्षांचे मिळून २७,००० डॉलर झाले. एडिनबरात परदेशी विद्यार्थ्याची एका वर्षाची फीच २५,००० पौंडांहून अधिक असते, आणि घरभाडे, जेवणखाण त्यावर वेगळे. तेव्हा हे कर्ज चार वर्षांत मिळून साधारण एका वर्षाच्या फीपेक्षाही कमी भरते. विद्यापीठ खर्चाचा जो अधिकृत अंदाज काढते तो कितीही मोठा असला, तरी मुलीच्या नावावरची ही मर्यादा त्यामुळे वाढत नाही. ‘सरकारी कर्ज मंजूर आहे’ या एका वाक्यावर विसंबून प्रवेश पक्का करणारी दोन कुटुंबे माझ्या पाहण्यात आहेत. दोघांनाही दुसऱ्या वर्षी धावपळ करावी लागली.

तरीही हे कर्ज नाकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पदवीच्या कर्जासाठी तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही, क्रेडिटचा इतिहासही पाहिला जात नाही. भारतातल्या बँकेकडे परदेशी शिक्षणासाठी मोठी रक्कम मागितली की सहसा सहकर्जदार आणि घर किंवा जमीन तारण मागतात, हे आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या वेळी अनुभवलेले आहे. या कर्जाचा व्याजदर ज्या वर्षी ते घेतले त्या वर्षीच ठरतो आणि पुढे फेडेपर्यंत बदलत नाही. २०२५-२६ मधल्या पदवीच्या कर्जाला तो ६.३९ टक्के आहे. गरजेनुसार यातला काही भाग सबसिडाइज्ड असू शकतो (पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ३,५०० डॉलर), ज्याचे शिक्षण चालू असतानाचे व्याज सरकार भरते. उरलेल्या अनसबसिडाइज्ड भागावर पैसे हाती पडल्या दिवसापासून व्याज चढते. दोघांचे उत्पन्न चांगले असेल तर सबसिडाइज्ड भागाची आशा धरू नका. शिवाय एक टक्क्याहून किंचित अधिक शुल्क आधीच कापले जाते, म्हणून हाती येणारी रक्कम मंजूर रकमेपेक्षा थोडी कमी असते.

पालकांच्या नावावरच्या कर्जाला पेरेंट प्लस म्हणतात, आणि त्याचे उत्तर आपल्याला आवडणारे नाही. ते घेणारा पालक स्वतः नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो, त्यामुळे एच-वन-बीवर असेपर्यंत तो मार्ग आपल्याला बंद आहे. ग्रीन कार्ड मधेच हाती आले तर तेव्हापासून अर्ज करता येईल. मात्र १ जुलै २०२६ पासून लागू होणाऱ्या कायद्याने या कर्जालाही एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा घातली आहे. पूर्वी विद्यापीठाने काढलेल्या खर्चापर्यंत, इतर साहाय्य वजा करून, सगळी रक्कम उचलता येत असे. त्या काळातले सल्ले आता उपयोगाचे नाहीत.

याच अडचणीतून एक वाट मात्र निघते आणि ती फार थोड्यांना माहीत असते. पालकाला प्लस कर्ज घेता येत नसेल, तर मुलीला स्वतंत्र विद्यार्थ्याइतके जादा अनसबसिडाइज्ड कर्ज मिळू शकते: पहिली दोन वर्षे दरवर्षी ४,००० आणि पुढे ५,००० डॉलर. पालक नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसणे हे त्यासाठी मान्य असलेले एक कारण आहे. परंतु हे आपोआप होत नाही. निर्णय विद्यापीठाच्या अर्थसाहाय्य अधिकाऱ्याच्या हाती असतो, आणि पालकांकडून पैशाची दुसरी सोय होण्यासारखी नाही अशी त्याची खात्री पटावी लागते. लेखी अर्ज करावा, व्हिसाची प्रत जोडावी आणि तो नोंदीवर घ्यावा अशी विनंती करावी. मान्य झाल्यास चार वर्षांची मर्यादा ४५,००० डॉलरपर्यंत जाते.

पैसे केव्हा येतात हे कितीपेक्षा कमी महत्त्वाचे नाही. फाफ्सा भरून, वचनपत्रावर सही करून आणि कर्जाविषयीची ऑनलाइन माहिती-शिकवणी पूर्ण करूनही ब्रिटिश विद्यापीठांचा स्वतःचा वेगळा अर्ज भरावा लागतो, ज्यात किती कर्ज हवे ते लिहायचे असते. रक्कम हप्त्यांनी येते, आणि तीही मुलगी तिथे हजर होऊन तिची नोंदणी झाल्यावर. व्हिसाचा खर्च मात्र त्याआधीच येतो. ब्रिटनचा आरोग्य अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो संपूर्ण व्हिसाच्या कालावधीसाठी एकदम भरावा लागतो, म्हणजे आपल्या बाबतीत तीन हजार पौंडांहून अधिक. खोलीची अनामत आणि पहिले भाडे त्यात धरा. आमचा पहिला हप्ता ऑक्टोबर अर्धा उलटल्यावर आला. तोवरचा सगळा खर्च बचतीतून गेला. दरवर्षी फाफ्सा नव्याने भरावा लागतो, हेही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कर्ज डॉलरमध्ये आणि फी पौंडांत, त्यामुळे विनिमयदराची जोखीम आपल्यावर राहते. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) काही साठवले असेल तर ते एडिनबरासाठी करमुक्त वापरता येते, कारण डायरेक्ट लोन योजनेत सामील असलेली परदेशी विद्यापीठे त्यालाही पात्र धरली जातात. मी आपल्या जागी असतो तर पौंड स्वस्त वाटेल तेव्हा त्यातून फीचा हप्ता भरून टाकला असता.

फेड शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू होते. मुलगी ब्रिटनमध्येच राहिली तरी कर्ज तिच्यामागे तसेच राहते, आणि नागरिक म्हणून अमेरिकी कर विवरणपत्रही तिला दरवर्षी भरावे लागेल. १ जुलै २०२६ नंतर घेतलेल्या कर्जांना ठरावीक मुदतीची फेड किंवा उत्पन्नावर आधारित नवी योजना असे दोनच पर्याय आहेत. उत्पन्नावर आधारित हप्ता करपात्र हिशेबातल्या उत्पन्नावरून ठरत असल्याने परदेशातल्या पगारावर सूट घेणाऱ्याचा हप्ता फार कमी बसू शकतो.

पुढे तिला परदेशातच मास्टर्स करायचे झाले, तर नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्लस कर्ज, बंद झालेले असेल. वर्षाला २०,५०० डॉलरचे साधे कर्ज तेवढे उरते, आणि ब्रिटनच्या एका वर्षाच्या मास्टर्सची अनेकदा फीही त्यातून पूर्ण निघणार नाही, राहणे तर दूरच. कॅरिबियन बेटांवर वैद्यकीय शिक्षणाला मुलांना पाठवणाऱ्यांसाठी ही मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर आहे, आणि तिथला खर्च पाहता तीही अपुरी पडते.

प्रवेशाची अनामत भरण्यापूर्वी विद्यापीठाच्या अमेरिकी कर्ज विभागाला एकच ईमेल लिहा: पालक एच-वन-बीवर असल्याने जादा अनसबसिडाइज्ड कर्ज मंजूर कराल का, आणि पहिला हप्ता कोणत्या तारखेला येतो. ही दोन उत्तरे हाती आली की चार वर्षांचा हिशेब पौंडांत मांडून इथे टाका, मी तो पाहून देईन.