आवाज होऊ नये म्हणून भिजवलेली भाकरी

प्रश्न : मी 29 वर्षांची. सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरी आम्ही तेलुगू बोलतो. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर होते. मी बी.कॉम. करून एका ऑफिसात अकाउंट्स बघते. दोन महिन्यांपूर्वी मीटिंगमध्ये माझ्या तोंडून 'काय करालाय' असं निघालं आणि बाहेरून आलेले सगळे हसले. तेव्हापासून प्रत्येक वाक्य आधी मनात तपासते, मग बोलते. डबाही एकटीच खाते. बरं वाटतं ते फक्त रविवारी, आईशेजारी बसून विडीची पानं कापताना. आत्मविश्वास कसा वाढवू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : वयानं मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

तुझं पत्र वाचलं आणि पुण्यातलं माझं वसतिगृह आठवलं. बी.एड.ला होते. आईनं ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. खोलीतल्या मुली काय म्हणतील या धास्तीनं मी ती रात्री दिवे गेल्यावर खायची. पण कडक भाकरी मोडली की आवाज होतो. म्हणून पाण्यात भिजवायची. तिची चव कशी लागायची ते आज आठवत नाही. सगळं लक्ष आवाजाकडे असायचं. तुझं वाक्य तपासणं तसंच आहे गं.

सुट्टीत घरी आले तर आईनं उखळ पुढ्यात ओढलं. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. आपल्या चटणीत वरून तेल घालत नाहीत, कुटत राहिलं की दाण्याचंच सुटतं. ते सुटेपर्यंत हात थांबवायचा नसतो. त्या अर्ध्या तासात आपण कशा दिसतो, कशा बोलतो हे माझ्या मनातही आलं नाही. धास्ती तेवढ्यानं गेली नाही. परत गेल्यावरही काही दिवस भाकरी भिजवूनच खाल्ली. मग एका रात्री कोरडीच मोडली. शेजारच्या कॉटवरची मुलगी उठून बसली, तिनं एक तुकडा घेतला. पुन्हा कधी मागितला नाही, आवडली नसावी. आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही!

म्हणून आत्मविश्वास वाढवण्याच्या मागे लागू नकोस. पानं कापताना तू बरी असतेस, कारण तेव्हा तुझी नजर पानाच्या शिरेवर आणि पत्र्याच्या फर्म्यावर असते, स्वतःवर नसते. (खिडकी मात्र उघडी ठेवा आणि आईला नाकातोंडाला रुमाल बांधायला सांग. तंबाखूची धूळ छातीला वाईट.) अशा आणखी जागा तुला सापडतील. ऑफिसला जाताना दहा मिनिटं सिद्धेश्वर तलावाच्या कडेला थांब. थंडीत आईला घेऊन हुरड्याला जा. आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळताना चटके बसतात, तेव्हा दुसरं काही सुचत नाही. पण याची वही करून रोज हिशेब लिहू नकोस, नाहीतर तेही ऑफिसच होईल.

आता त्या हसण्याचं. चूक त्यांची होती. 'करालाय' हे काही बिघडलेलं मराठी नाही, मराठी, कन्नड, तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या त्या गावाची ती बोली आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. त्या गर्दीत उभी राहून तिन्ही भाषा ऐक. तिथं कुणी कुणाचं वाक्य तपासत नाही.

मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, ऑफिसला जायच्या विचारानं छाती धडधडत असेल, तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या, मोफत क्रमांकावर फोन कर. मराठीतही बोलतात. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आणि सोमवारी डबा घेऊन सगळ्यांच्या टेबलाशी बस. बोललंच पाहिजे असं नाही. घरी पुंटीकूर केली असेल तर तीच ने. आमच्याकडे तिला अंबाडी म्हणतात, पण कुणी विचारलं तर तू पुंटीकूरच सांग.