व्हिसा लागत नाही, तपासणी चुकत नाही

प्रश्न : आम्ही घरातले पाच जण मलेशियाला जाणार आहोत. व्हिसा लागत नाही, म्हणजे तिकीट काढलं की झालं ना? (एक वाचक, फोंडा)

एवढ्यावर भागत नाही. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना मलेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय फिरता येतं. पाच जणांची फी आणि अर्जांची दगदग वाचते, हा फायदा मोठाच. पण व्हिसा असला की कागद घरी असतानाच तपासले जातात. तो नसला की तीच तपासणी परक्या विमानतळावर होते. तिथं नकार मिळाला तर उलट पावली परत यायचं, हॉटेलचे पैसेही बहुधा बुडतात. म्हणून परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट हाताशी ठेवा. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. ते मोफत असतं. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांचा एकत्रित व्हिसा) 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. इथं व्हिसाच नाही, म्हणून बरेच जण विमा काढत नाहीत. तुम्ही काढाच.

प्रश्न : माझ्या भाच्याला बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी मिळतेय. एजंट म्हणतो, आत्ता व्हिसाशिवाय जा, वर्क परमिट तिथं करून देतो. पाठवावं का? (एक वाचक, डिचोली)

पाठवू नका, ताई. ही सवलत काही दिवस फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे, नोकरीसाठी नाही. परमिट नसताना काम करणारा मुलगा तिथं कायद्याने दोषी ठरतो. मग छळ झाला तरी पोलिसांकडे जायला घाबरतो आणि एजंटाला नेमकं तेच हवं असतं. अशाच नोकऱ्यांच्या आमिषाने बँकॉकला उतरलेल्या तरुणांना म्यानमारमधल्या म्यावड्डी भागात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर राबवलं गेलं. मार्च 2025 मध्ये त्या अड्ड्यांतून सुटलेल्या 549 भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. इराणने फेब्रुवारी 2024 मध्ये दिलेली सवलतही 22 नोव्हेंबर 2025 पासून थांबवली, कारण नोकरीच्या नावाखाली नेलेल्या भारतीयांची तिथं खंडणीसाठी अपहरणं झाली.

नोकरी खरी असेल तर कंपनी कामाच्या व्हिसासाठी कागद आधी पाठवेल. एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासा. आपल्याकडची बोटीवर जाणारी मुलं कंत्राट, सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक) आणि लागेल तो व्हिसा हातात आल्यावरच निघतात. भाच्यानेही तसंच करावं.

प्रश्न : आजीकडे पासपोर्ट नाही. तिला विमानाने काठमांडूला नेता येईल? (एक वाचक, पेडणे)

हो. निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. मूळ कार्ड न्या, झेरॉक्स नको.

प्रश्न : आजोबा 1961 पूर्वी, पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मले. व्हिसाची कटकट कायमची संपवायला पोर्तुगीज पासपोर्ट करावा का? (एक वाचक, मडगाव)

नुसत्या फिरण्यासाठी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपात राहण्याची आणि काम करण्याची मुभा मिळते हे खरं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याने तिथलं ते दार मात्र 2020 च्या अखेरीस बंद झालं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परकं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि मतदानाचा हक्कही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) मिळालं तर गोव्यात राहता येईल, पण त्यावर शेतजमीन किंवा कुळागर (सुपारी-नारळाची बाग) विकत घेता येत नाही. वारशाने आलेलं ठेवता येतं. युरोपात नोकरी करायचं पक्कं ठरलं असेल तर अर्ज करा, पण आधी घरच्यांशी आणि वकिलाशी बोला.