एररचा कोड हाताने उतरवू नकोस

सातपूरच्या कारखान्यातला पीसी असो की गंगापूर रोडवरच्या क्लासचा लॅपटॉप, एरर दिसली की आधी ओके दाबायचं नाही. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या जादा साधनांच्या संचातलं टेक्स्ट एक्स्ट्रॅक्टर टाकून ठेव. विंडोज-शिफ्ट-टी दाबलं की पडद्यावर एक थर चढतो. कोडभोवती चौकट ओढली की मजकूर कॉपी झालाच. विंडोज कोसळून निळा पडदा आला तर पीसीवरचं काहीच चालत नाही, तेव्हा मोबाइलचं गूगल लेन्स धर.

पण त्याने वाचलेलं डोळ्यांनी ताडून बघ, हे पोटतिडकीने सांगतोय. ‘ओ’ आला तर तो शून्यच समज, कोड हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांच्या मोजणीत असतो, तिथे ‘ओ’ नसतो. ‘बी’ आणि ‘८’ मात्र दोन्ही असतात, तिथेच घात होतो.

परवा अंबडला अपडेट अडकलं होतं, कोड ०एक्स८००७००७०. सुरुवातीला ८००७ असेल तर शेवटचे चार अंक विंडोजच्या मूळ एररचे, फक्त हेक्समध्ये. इथे ७०, म्हणजे सोळा सत्ते बारोदरसे, ११२. कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे विंडोजला हुकूम टाइप करून द्यायच्या खिडकीत, ‘नेट हेल्पएमएसजी ११२’ टाइप केलं, उत्तर आलं: डिस्कवर पुरेशी जागा नाही. त्या अकाउंटंट ताईंना कुणीतरी विंडोज नव्याने टाकायला सांगितलं होतं! डाउनलोड्स फोल्डर मोकळं केलं आणि अपडेट पुढे सरकलं.