फॉर्मवरचा स्पॅम: आधी तो ऑटो-रिप्लाय बंद करा

दादा, गणवेशाच्या कारखान्याच्या साइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममधून रोज पन्नासेक निरोप येतात, काही रशियन लिपीत, बाकी 'तुमची साइट गुगलवर पहिली आणतो' छापाचे, तर फॉर्मच काढून टाकू का, असं विचारलंत. आमच्या अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या धंद्यात हेच झालं होतं. काढू नका. कॅप्चा, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र ते ओळखणारी तपासणी, लावा, हे बाकीचे सांगतीलच.

फॉर्म भरणाऱ्याला 'धन्यवाद, आपला निरोप मिळाला' असा मेल आपोआप जातो का? जात असेल तर आज बंद करा. मी हौसेनं लावला होता, वर त्यानं लिहिलेला मजकूरही खाली जोडून परत पाठवायचो. आता बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्रॅम, स्वतःचा पत्ता कशाला देईल? तो दुसऱ्याच कुणाचा तरी टाकतो. म्हणजे त्याच्या लिंका आमच्या डोमेनवरून अनोळखी लोकांना जात होत्या, आणि स्पॅम म्हणून शिक्का आमच्यावर बसत होता. हुबळीच्या एका लॉजवाल्याला पाठवलेलं कोटेशन त्याच्या स्पॅममध्ये पडून राहिलं. त्याला वाटलं आम्हालाच गरज नाही. माल दुसरीकडून घेतला त्यानं.

होस्टिंगवाल्यांकडे तक्रार केली. अकरा दिवस एकच उत्तर: मेलबॉक्स भरलाय, मोठा प्लॅन घ्या. घेतला की मी! पैसे गेले, मेल तसेच अडकलेले. शेवटी भाच्यानं बाहेर गेलेल्या मेलची नोंद उघडली आणि कपाळाला हात लावला. होस्टिंगवाल्यांना ती उघडायला किती वेळ लागला असता? असो.

मी टॉवेलवाला, कॉम्प्युटरवाला नाही, तेव्हा साइटवाल्याला विचारूनच करा. रीकॅप्चा व्ही३, म्हणजे गुगलचा कॅप्चा, प्रत्येक भेटीला ० ते १ गुण देतं (१ कडे माणूस, ० कडे बॉट), पण फॉर्मसोबत येणारं त्याचं टोकन, म्हणजे पास, सर्व्हरवर तपासलं तरच उपयोग. आमच्याकडे पानावर नुसती स्क्रिप्ट होती. गेटवर वॉचमन बसवला, पण पास कोणी बघतच नव्हतं. लपवलेला रकाना, म्हणजे हनीपॉट, मला जास्त आवडतो: माणसाला तो दिसत नाही, बॉट भरतो आणि पकडला जातो, गिऱ्हाइकाला त्रास नाही. फक्त त्याला फोन, पत्ता असलं नाव देऊ नका. ब्राउझर आपोआप भरतो आणि खरा माणूसच अडकतो. म्हणून अडकलेले निरोप लगेच पुसू नका, महिनाभर वेगळे ठेवा. लिंक असलेले सगळे निरोप अडवा असंही कुणी सांगेल. ऐकू नका, शाळावाले लोगोची ड्राइव्ह लिंकच पाठवतात. हातानं टाइप करून पाठवणारे मात्र यातल्या कशानंच थांबत नाहीत.

आणखी एक, फॉर्मचा मेल तुमच्याच डोमेनच्या पत्त्यावरून निघू दे, गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये घाला. नाहीतर एसपीएफ, डीमार्कच्या तपासणीत, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय का ते बघण्यात, खरी चौकशीही अडकते.

बाहेर गेलेल्या मेलची यादी आधी बघा आणि किती निघाले ते इथं सांगा.