वाचकांचे प्रश्न: डिस्क फुल म्हणते, पण फायली दिसतच नाहीत

प्रश्न : नमस्कार सर. माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्नसराईत एकेका ऑर्डरचे शंभर-दीडशे जीबी होतात. लिनक्स मिंट वापरतो. रोज रात्री बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी-पेस्ट करतो, मधेच लाइट गेली की परत पहिल्यापासून, आणि कुठपर्यंत झालं होतं तेही कळत नाही. काही सोपा मार्ग? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आहे ना, आरसिंक. मिंटमध्ये बहुतेक आधीपासून असतंच. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात बनवलं, यातला ट्रिजेल म्हणजे सांबा (लिनक्स आणि विंडोज मशीनमध्ये फायली शेअर करायचं सॉफ्टवेअर) सुरू करणारा तोच. मूळ कल्पना होती की हळू लाइनवरून फाइल पाठवताना बदललेला तुकडाच पाठवायचा. तुमच्याकडे दोन्ही डिस्क एकाच मशीनला लागलेल्या, त्यामुळे ते तुकड्यांचं गणित चालत नाही, बदललेली फाइल अख्खीच कॉपी होते, पण तुमचा फायदा वेगळाय. आरसिंक प्रत्येक फाइलची साइज आणि वेळ बघतं, दोन्ही जुळलं की पुढे जातं. म्हणजे लाइट गेली तरी परत तीच कमांड द्यायची, झालेलं सोडून उरलेलंच करेल.

आता कमांड. आरसिंक, मग डॅश ए, मग डॅश व्ही, मग कुठून, मग कुठे. तुमची डिस्क एक्सफॅट असेल (विंडोजवाल्या गिऱ्हाइकांना द्यायची म्हणून बऱ्याच स्टुडिओंत असते) तर डॅश ए ऐवजी डॅश आर आणि डॅश टी द्या, नाहीतर मालकी बदलता येत नाही म्हणून एररची रांग लागेल. ती रांग बघून लोक घाबरून सुडो (म्हणजे अॅडमिनचे अधिकार) लावतात, त्याने काहीही होत नाही.

तीन ठिकाणी जपा. पहिलं, कुठून या फोल्डरच्या नावापुढे शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरसकट जातो, एकदा असं एकदा तसं केलं की डिस्कवर सगळं दोनदा. दुसरं, डिस्क माउंट झालीय (म्हणजे सिस्टिमने जोडून घेतलीय) का बघा. नसेल तर तो रस्ता लॅपटॉपमधलं रिकामं फोल्डर असू शकतो आणि तुमचा बॅकअप निवांतपणे लॅपटॉपमध्येच जाऊन बसतो. तिसरं म्हणजे डॅश डॅश डिलीट. याने मूळ जागी नसलेल्या फायली बॅकअपमधूनही उडतात, आणि घाईत कुठून-कुठे उलटं टाकलं आणि ती डिस्क नवी कोरी असली तर अख्खा सीझन गेला. म्हणून आधी डॅश एन लावून चालवा, त्यात फक्त काय होणार ते छापतं, करत काही नाही. आणि चुकून लॅपटॉपवरून एखादं लग्न डिलीट केलंत तर डिलीटवाला बॅकअप तेही इमानदारीत डिलीट करेल, त्यामुळे दुसरी डिस्क ठेवा, तिला डिलीट लावू नका.

प्रश्न : दादा, कॉलेज प्रोजेक्टचा सर्व्हर आहे, डेबियन. डीएफ कमांड म्हणते डिस्क १०० टक्के भरली, डीयू कमांडने मोजलं तर निम्मीसुद्धा नाही. मोठी लॉग फाइल होती ती पण उडवली, तरी तेच. डिस्क खराब झाली का? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : डिस्क ठीक आहे गं, ती लॉग फाइल उडवलीस त्यातच गोम आहे. युनिक्समध्ये (लिनक्स त्याच घराण्यातलं) आरएम ही डिलीटची कमांड फक्त नाव पुसते. एखाद्या चालू प्रोग्रामने ती फाइल उघडून धरली असेल तर माल डिस्कवर तसाच राहतो, प्रोग्राम सोडेपर्यंत. डीयू नावं फिरून मोजतं म्हणून त्याला दिसत नाही, डीएफ फाइलसिस्टिमलाच विचारतं म्हणून त्याला दिसतं. एलएसओएफ टाक, त्याला प्लस मोठा एल आणि एक असा पर्याय दे, नाव नसलेल्या पण उघड्या फायली आणि धरून बसलेला प्रोग्राम दोन्ही दाखवेल. तो प्रोग्राम रीस्टार्ट कर, जागा लगेच मोकळी. पुढच्या वेळी चालू लॉग उडवायची नाही, ट्रंकेट ने शून्य करायची, किंवा खरं तर जुने लॉग आपोआप गुंडाळणारं लॉगरोटेट नीट लावायचं.

तरी नाही सुटलं तर डीएफ डॅश आय बघ, लाखो चिल्लर फायलींनी आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपलेले असतात कधी कधी, तेव्हा जागा असूनही नवी फाइल बनत नाही. आणि ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमवर सहसा ५ टक्के जागा रूटसाठी (म्हणजे अॅडमिनसाठी) राखीव असते, तेवढी तफावत दिसली तर ती तिथली. रोजच्या झाडलोटीला, कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवणारं एनसीडीयू टाकून घे, डीयू चे आकडे वाचत बसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या जुन्या वार्षिक अंकांच्या पीडीएफ आहेत. त्यातला मराठी मजकूर पीडीएफटूटेक्स्ट ने काढला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. स्क्रीनवर मात्र स्वच्छ मराठी दिसतं. असं का? (एक वाचिका, चिपळूण)

उत्तर : कारण ते आतून मराठी नाहीच. डीटीपीच्या जमान्यात पुण्याची श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम वगैरेंचे फाँट असायचे, त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले. डोळ्याला क दिसतो, फाइलमध्ये भलतंच काहीतरी असतं. पीडीएफटूटेक्स्ट जे आहे तेच काढतं, त्याचा दोष नाही. खात्री करायची तर पीडीएफटूटेक्स्ट ज्या पॉपलरच्या पॅकेजमधून येतं त्यातच पीडीएफफाँट्स आहे, ते चालवा, फाँटची नावं कळतील आणि युनि नावाच्या रकान्यात हो-नाही दिसेल. आता तिथे हो असलं तरी हुरळून जाऊ नका, युनिकोडमधल्या पीडीएफमधूनही पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटून येते.

फाँट एकच आणि ओळखीचा असेल तर त्याचा कन्व्हर्टर शोधून बघा, पण अंकागणिक फाँट बदलला असेल तर त्या नादी लागू नका, सरळ ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) करा. त्यासाठीचं टेसरॅक्ट हे एचपीच्या लॅबमध्ये १९८५ ते १९९४ या काळात बनलेलं, २००५ मध्ये ओपन सोर्स झालं, मग गूगलने सांभाळलं. डेबियन-उबुंटूमध्ये मराठीचं पॅकेज वेगळं आहे, टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर, ते न टाकता चालवलं तर इंग्रजी समजून वाचेल आणि परत कचराच मिळेल. त्यावर ओसीआरमायपीडीएफ घ्या, ते पीडीएफमध्येच अदृश्य मजकुराचा थर टाकतं म्हणजे पान तसंच दिसतं आणि शोधता येतं. तुमच्या केसमध्ये ते आधी नाही म्हणेल, मजकूर आहेच असं सांगून, कारण तो कचरा त्याला मजकूर वाटतो, म्हणून डॅश डॅश फोर्स-ओसीआर द्यावं लागेल. यात पानाचं चित्र करून नव्याने बांधलं जातं, तेव्हा मूळ फायली जपून ठेवा. जोडाक्षरं आणि अनुस्वारात चुका राहणार, कविता तर हमखास हाताने तपासाव्या लागतील.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा फाइल सर्व्हर उबुंटू २०.०४ वर आहे. चेअरमनसाहेब म्हणतात फुकटचं सॉफ्टवेअर, कोणीही काहीही घुसवेल. त्यांना काय सांगू? (संस्थेचे कर्मचारी, बार्शी)

उत्तर : साहेबांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तसं घडलंय. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करायचं साधं पॅकेज. मूळ सांभाळणारा एकटा, थकलेला. जिया टॅन नाव लावून कोणीतरी दोनेक वर्षं त्याला मदत करत राहिलं, विश्वास मिळवला आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) मधून घुसायचा चोरदरवाजा बसवला. तोसुद्धा असा की त्याचा एक दुवा सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्सच्या गिट भांडारात नव्हताच, फक्त रिलीज म्हणून वाटल्या जाणाऱ्या टार फाइलमध्ये. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस (एक डेटाबेस) च्या डेव्हलपरला डेबियनच्या अनस्टेबल म्हणजे अजून कच्च्या आवृत्तीत एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं, तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर केलं. डेबियन स्टेबल म्हणजे पक्क्या आवृत्तीपर्यंत ते पोचलं नव्हतं, उबुंटू २४.०४ ची बीटा मात्र यापायी आठवडाभर लांबली.

यातून कोण काय घेईल ते घेवो. मला विचाराल तर फ्रॉइंडला ते सापडलं कारण सोर्स उघडा होता, आणि सापडलं ते नशिबानेही, दोन्ही खरं. तुमच्या सर्व्हरचा धोका मात्र यापेक्षा खूप साधा असतो. कोणीतरी इंटरनेटवरची कर्ल ने ओढून थेट सुडो बॅशला पाजायची ओळ (म्हणजे न वाचताच अॅडमिनच्या अधिकारात चालणारी स्क्रिप्ट) चिकटवतो, किंवा अपडेटच होत नाहीत. पॅकेज उबुंटूच्याच भांडारातून एपीटी ने घ्या, अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप होणारे अपडेट) चालू ठेवा. आणि २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपलाय, पुढचे सिक्युरिटी अपडेट हवे तर उबुंटू प्रो ला मशीन जोडावं लागतं. त्यापेक्षा अपग्रेड करा, एकदम २४.०४ वर उडी नाही मारता येत, आधी २२.०४ मग पुढे, आणि ते शनिवारी संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर करा, सोमवारी सकाळी नको.